लाल कोब्यातली काळी पट्टी

दारापुढं अख्खा दर्या पसरलेला, किनाऱ्यावर नजर पोचेल तिथवर रेतीच रेती, आणि हा बाबा घर बांधायला रेती आणायची म्हणून बैलगाडी जुंपून सूर्या नदीकडं निघाला. हे पाहिलं आणि हंसाच्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली.

हा बाबा म्हणजे तिचा धाकटा दीर, जानू. नवापूरच्या त्या घरात आजवर सगळे पुरुष होडीवरच गेलेले. हंसाचा नवरा दामू तर तांडेल, होडीचा कर्ताधर्ता. पण तारापूरला वीज केंद्राचं भलंमोठं काम निघालं आणि जानूनं जाळं खुंटीला टांगून हातात थापी धरली. दोन-तीन वर्षांत तो पक्का गवंडी झाला. घरातच गवंडी असताना बाहेरचा कशाला शोधायचा, म्हणून नव्या घराचं काम आपसूक त्याच्याकडं आलं. दामू बहुतेक दिवस समुद्रावर. म्हणजे लक्ष ठेवायचं ते हंसानंच.

लक्ष ठेवण्यात हंसा कुणाला हार जाणारी नव्हती. बोईसरच्या बाजारात तिच्या टोपलीतला एक बोंबील कुणी इकडचा तिकडं करू शकत नसे. गिऱ्हाईक हसून बोललं तरी हिच्या कपाळाला आठी, की हा आज एवढा गोड का बोलतोय? देवानं तिला दोन डोळे दिले होते आणि त्या दोन्ही डोळ्यांनी ती चौघांचं काम करून घेत असे.

रेतीचं तिला पटलंच नाही. तिनं स्वतः किनाऱ्यावरून टोपल्या भरभरून रेती वाहिली आणि नव्या जोत्याच्या कडेला ढीग घातला. जानू आला, त्यानं चिमूटभर उचलली आणि परत टाकली.

"वैनी, ही भिंतीत नको. हिच्यात मीठ हाय. भिंत जन्मभर घाम गाळील, चुना पापडासारखा सुटून येईल. जमनाकाकीनं हीच घातलेली. खोटं वाटत आसंल तर तिची भिंत चाटून बघ."

दुसरी एखादी हसून सोडून देती. हंसा गेली आणि जमनाकाकीकडं कुणी नाही असं बघून तिनं खरंच भिंतीला जीभ लावली. भिंत खारट होती. पण त्यानं तिची शंका कमी झाली नाही. आज हा खरं बोलला, म्हणजे उद्याचं खोटं आपण डोळे मिटून गिळू असं याला वाटत असणार, असं तिनं ठरवून टाकलं. रेतीचा ढीग तिनं हलवला नाही. तो तिथंच पडून राहिला आणि येता-जाता तिला डिवचत राहिला.

हंसाला हे घर कशासाठी हवं होतं ते सांगितलं पाहिजे. जुनं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काड्यांवर मातीचा लेप दिलेलं. दरवर्षी पावसाआधी छपरावरचे माडाच्या झावळ्यांचे झाप बदलायचे, भिंती लिंपायच्या आणि जमीन तर बारा महिने शेणानं सारवायची. सारवलेल्या जमिनीत माशांचे खवले रुतून बसत ते नखांनी उकरावे लागत. लग्न होऊन आल्या दिवसापासून तिच्या हातांचा शेणाचा वास गेला नव्हता. एकदा बोईसरला एका रेल्वेबाबूच्या घरी मासे द्यायला गेली असताना तिनं लाल कोबा पाहिला होता. लाल सिमेंटची अखंड जमीन, घोटून घोटून अशी गुळगुळीत केलेली की वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसावं. त्या बाबूच्या बायकोनं ओलं फडकं एकदा फिरवलं की झाली सफाई. हंसा दारात टोपली घेऊन बघतच राहिली होती. तिला तसा कोबा हवा होता, तो तिच्या एकटीच्या घरात हवा होता, आणि त्यात कुणाचा वाटा नको होता.

वाटा हा शब्द तिच्या डोक्यात घातला शेजारच्या नवसीनं. नवसीचं घर तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या वाटणीत मधोमध चिरलं गेलं होतं. पंच आले, त्यांनी ओट्यापासून परसदारापर्यंत जमिनीवर चुन्याची रेघ ओढली आणि पुढच्या महिन्यात त्या रेघेवर भिंत उभी राहिली. तेव्हापासून नवसीच्या चुलीशी भर दुपारी दिवा लावायची पाळी आली होती. स्वतःचं घर अर्धं झाल्यापासून तिला दुसऱ्याचं पुरं घर बघवत नसे.

"जानूचं लगीन ठरतंय म्हणं औंदा?" ती एकदा बोंबील वाळत घालता घालता म्हणाली.

"ठरंल तेवा ठरंल."

"ठरंलच की. मग येनारी काय झाडाखाली ऱ्हाईल? आन बांधतोय कोन घर? तोच ना? बघ बाई, मी काय बोलत नाय."

मी काही बोलत नाही असं म्हणून नवसीनं जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. हंसा त्या दिवशी टोपली न उचलता थेट बांधकामावर गेली.

आणि तिथं तिला सासू दिसली.

भागी म्हणजे तिची सासू. अख्ख्या आळीत जिचा शब्द चाले अशी बाई. एके काळी डोक्यावर पाटी घेऊन पालघरपर्यंत चालत जाऊन मासे विकणारी. पण यंदा तिनं अचानक बाजार सोडला. "आता तूच जा, माजं पाय दुकतात," म्हणाली. पाय दुखणारी ही बाई आता रोज जानूच्या मागोमाग नव्या जोत्यावर जात होती, आणि अर्धवट भिंतींमधून अनवाणी इकडून तिकडं, तिकडून इकडं चालत होती. सावकाश, एकेक पाऊल दाबून. जानू बाजूनं चालत हळू आवाजात काहीतरी सांगत होता. हंसाची चाहूल लागताच दोघंही गप्प झाली.

"काय मोजताय आई?" हंसानं विचारलं.

"मोजतेय कशाला? बघतेय."

असं म्हणताना सासूनं तिच्याकडं पाहिलं नाही. तिच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी पाहिलं. हे हंसानं बरोबर टिपलं. मग ते रोजच तिच्या ध्यानात येऊ लागलं. बोलताना म्हातारी डोळ्याला डोळा देत नव्हती. ताट पुढं केलं तर ताटाकडं न बघता हात पुढं करी. एकदा तर हंसा समोर उभी असताना "हंसा कुटं गेली?" असं तिनं जानूला विचारलं, आणि हंसानं "ही काय इथंच हाय" म्हटल्यावर चांगलीच दचकली. ज्याच्या पोटात पाप असतं तोच असा नजर चुकवतो, हे हंसाला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

घर जसजसं वर आलं तसतसा तिचा संशयही वर आला. दरवाजाला तिला हिरवा तेलाचा रंग हवा होता. जानूनं सासऱ्याच्या मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानी फळ्या काढल्या, त्यांना माशाचं तेल पाजलं आणि त्यांचाच दरवाजा केला. "हिला वाळवी लागायची नाय, खारी हवा लागायची नाय, रंग काढायला नको," तो म्हणाला. भागीनं फळीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यावर हात ठेवला की घरी आल्यासारकं वाटतं." बिजागऱ्या लोखंडाच्या नाहीत, पितळेच्या; लोखंड इथं चार पावसाळे टिकत नाही. हे हंसालाही कळत होतं. भिंतींचे कोपरे मात्र त्यानं सगळीकडं गोल घोटले. खोलीखोलीत सारख्याच उंचीवर कोनाडे ठेवले, एक या अंगाला, एक त्या अंगाला. मागं परसात उतरायला पायरीऐवजी लांब उतार केला.

सगळं घर टिकाऊ होत होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण एवढं टिकाऊ कुणासाठी? कोनाडे दोन दोन का? हंसानं दामूला विचारलं. तो नुकताच होडीवरून आला होता आणि भाताच्या ढिगात बोटं घालून बसला होता.

"जानू आन वाटनी?" तो घास तोंडात ठेवूनच हसला. "आगं, तो आजून माज्या ताटातला मासा उचलतो."

"तेच सांगते मी. ताटातला उचलतो, घरातलं सोडंल काय?"

दामू आणखी हसला आणि जेवून झोपला. पहाटे पुन्हा समुद्रावर गेला. बायकोच्या डोळ्यांवर त्याचा फार विश्वास होता, म्हणून तो स्वतःचे वापरतच नसे.

मग जमिनीचं काम निघालं, आणि हंसाला पुरावा मिळाला.

ती सकाळी गेली तर मधल्या खोलीत जानू गुडघ्यावर बसून काळ्या शहाबादी दगडाच्या वीतभर रुंद पट्ट्या बसवत होता. घोटलेल्या नाहीत, टाकी-हातोडीनं टोचे मारून मुद्दाम खरबरीत केलेल्या. पट्टी दाराच्या उंबऱ्याशी सुरू झाली होती, मधल्या घरातून सरळ स्वयंपाकघरात चुलीपर्यंत गेली होती आणि तिथून वळून परसदाराकडं. घर बरोबर दोन भागांत कापलं गेलं होतं. इकडं एक कोनाडा, तिकडं एक कोनाडा. आणि भागी त्या पट्टीवरून अनवाणी चालत होती आणि मान हलवत होती.

हंसाला नवसीच्या घरातली चुन्याची रेघ दिसू लागली.

"हे काय हाय?"

"पट्टी हाय वैनी. कोबा गुळगुळीत आसतो, पाय घसरतो. मधी खरबरीत आसली की बरं."

"मी कोबा मागितलेला. आख्खा."

"दोनी बाजूनं लालच होनार हाय की." जानूनं थापी उगाच पाण्यात बुडवली. तो खोटं बोलत नव्हता, पण सगळंही सांगत नव्हता, आणि हंसाला हे कळायला त्याचे लाल झालेले कान पुरेसे होते. "आयला आवडली," तो घाईनं म्हणाला.

"आईंना आवडलीच आसंल," हंसा म्हणाली आणि निघून आली.

त्या दिवशी ती खूप रडली. नवसीपुढं नाही, कुणापुढं नाही, वाळत घातलेल्या बोंबलांच्या आड बसून. सासूनं तोंडावर सांगितलं असतं की जानूलाही घर हवं, तर ती भांडली असती, आदळआपट केली असती आणि शेवटी कदाचित हो म्हणाली असती. पण तिला न सांगता, तिच्याच हौसेच्या कोब्यात, तिच्या डोळ्यांदेखत रेघ मारली होती. हे तिला फार लागलं.

जानूनं पट्टीच्या दोन्ही अंगांना लाल कोबा घातला, घोटला, वर पोती अंथरली. रोज पाणी मारत राहायचं होतं, म्हणजे कोबा पक्का होतो. तेवढ्यात तारापूरच्या कामावर मोठी ओतणी निघाली, स्लॅब एकदा ओतायला घेतला की मध्ये थांबत नाहीत. जानूला तिकडंच राहावं लागणार होतं. जाताना तो हंसाला म्हणाला, "वैनी, पानी तेवडं मार. बाकी कशाला हात लावू नको. घरभरनीच्या दिवशी सकाळी मी हाजर."

तो तारापूरच्या वाटेला लागला आणि हंसा बोईसरच्या. स्टेशनाजवळ काम मिळेल म्हणून हत्यारं पुढ्यात घेऊन बसलेल्या परप्रांतीय मिस्त्र्यांपैकी एकाला ती घेऊन आली. त्यानं पोती उचलून बघितली, पट्टीवरून पाय फिरवला आणि म्हणाला, "बाई, पट्टी तो बढिया है। पाँव को पकडती है। क्यों निकालती हो?"

हा पण जानूचाच माणूस की काय, असं एक क्षण हंसाला वाटलं. "निकालो बोला ना," ती म्हणाली.

पट्ट्या निघाल्या. कोबा अजून पुरता सुकला नव्हता, म्हणून जोड न दिसता त्या जागी लाल सिमेंट भरलं गेलं, घोटलं गेलं, आणि हंसानं वरून पुन्हा पोती टाकली. पट्ट्या तिनं विहिरीपाशी माडाखाली टाकल्या, कपडे आपटायला. सासू दोनदा नव्या घराकडं निघाली, दोन्ही वेळा हंसानं तिला अडवलं. "कोबा कच्चा हाय आई, पाय उमटंल."

भागी थांबली. तिनं हंसाच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "पट्टी नीट हाय ना गं? सिमेंटनं बुजली तर नाय?"

"सगळं जिथल्या तिथं हाय," हंसा म्हणाली. म्हणताना तिच्या जिभेला जरा कडू लागलं, पण तिनं ते गिळलं.

अक्षय्यतृतीयेला घरभरणी होती. होड्या किनाऱ्याला होत्या, दामू घरी होता, आळी लोटली होती. हंसानं पहाटेच पोती काढली होती, कोबा पुसून काढला होता, आणि तो असा झळकत होता की दारातली माणसं धुळीच्या पायांनी आत यायला बिचकत होती. नवसीनं दारातूनच मान घातली, मधली रेघ नाहीशी झालेली बघितली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. हंसाला वाटलं, आपण जिंकलो.

जानू ऐनवेळी आला, अंगावर सिमेंटची धूळ तशीच. दारातून त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "वैनी," तो म्हणाला, "पट्टी?" हंसानं त्याच्याकडं पाहून हनुवटी वर केली. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण तोवर बायका बाजूला झाल्या होत्या आणि भागी जुन्या घरातून निघाली होती.

त्यांच्या घराची रीत अशी, की जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत न्यायचा, काडी ओढून नवा पेटवायचा नाही. घरातल्या थोरल्या बाईनं फुटक्या मडक्याच्या खापरात निखारे घ्यायचे आणि एकटीनं, कुणाचा हात न धरता, दारापासून चुलीपर्यंत चालत जायचं. मध्ये निखारा सांडला तर ते घर लाभत नाही म्हणतात. भागी नवं लुगडं नेसून, ओंजळीत जाड फडक्यावर खापर धरून आली. जुन्या होडीच्या फळीला तिनं कोपर टेकलं, उंबरा ओलांडला आणि उजवा पाय कोब्यावर ठेवला.

मग ती थांबली.

पाय तिनं थोडा डावीकडं सरकवला. मग उजवीकडं. अंगठ्यानं जमीन चाचपली. सगळीकडं तेच, गार आणि गुळगुळीत. बायकांना वाटलं म्हातारी देवाचं नाव घेतेय. त्यांनी हात जोडले. भागीचे डोळे समोर उघडे होते आणि समोर तिची सून उभी होती, हातभर अंतरावर, भरजरी लुगड्यात, आणि ते डोळे तिला पाहत नव्हते.

हंसाला तेव्हा सगळं एकदम कळलं. डोळ्याला डोळा न देणं. बाजार सोडणं. ताटाकडं न बघता पुढं येणारा हात. गोल कोपरे, उतार, सारख्या उंचीचे कोनाडे. दोन डोळ्यांनी चौघांचं काम करणाऱ्या तिनं सगळं पाहिलं होतं, एकूण एक, आणि त्यातलं काहीही तिला दिसलं नव्हतं.

भागीनं एक पाऊल टाकलं, ते चुलीकडं नव्हतं. भिंतीकडं होतं. खापर कललं आणि राख उडाली. जानू पुढं व्हायला निघाला. हात धरला असता तर आळीसमोर दोन गोष्टी झाल्या असत्या, रीत मोडली असती आणि म्हातारीचं झाकलेलं उघडं पडलं असतं.

"थांबा आई!" हंसा ओरडली. "थांबा जरा! माज्या म्हायेरची रीत ऱ्हायली!"

कसली रीत ते तिलाही माहीत नव्हतं. ती धावत ओट्यावर आली, कोपऱ्यातलं सूप उचललं आणि जोत्याच्या कडेला पडलेल्या तिच्या त्या ढिगात खुपसलं. खारट, जाडसर, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली दर्याची रेती. सूप भरून ती आत आली, सासूच्या पायापाशी वाकली आणि बोटांतून रेती सोडत उलटी चालू लागली. उंबऱ्यापासून, मधल्या घरातून, जिथं काळी पट्टी होती बरोबर तिथून, चुलीपर्यंत. तिच्या त्या आरशासारख्या कोब्यावर.

"दर्यानं आमाला पोसलं," ती मोठ्यानं म्हणत होती, तोंडाला येईल ते, "दर्याच्या वाटंनं विस्तव घरात येतो. या आई. या, सरळ या."

भागीच्या अंगठ्याला रेती लागली. तिचा चेहरा सैल झाला. तिनं दुसरं पाऊल टाकलं, मग तिसरं, आणि मग ती एके काळी पालघरच्या रस्त्यानं चालत असे तशी, मान ताठ ठेवून, सुनेच्या आवाजामागं चालत गेली. चुलीपाशी वाकून तिनं निखारे ओतले. गोवरीनं पेट घेतला, दूध ठेवलं गेलं, उतू गेलं, सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या.

"कुटली गं ही रीत?" नवसीनं लगेच विचारलं. "तुजं म्हायेर तर तारापूरलाच. आमी नाय कदी ऐकली."

"जुनी हाय," हंसा म्हणाली.

माणसं पांगल्यावर भागी चुलीपाशीच बसून राहिली. हंसा तिच्याजवळ येऊन बसली आणि तिच्या पायाला चिकटलेली रेती पुसू लागली. सासूनंच विचारलं.

"कवा कळलं?"

"आत्ता. दारात."

"जानूला मीच शपत घातली होती. दामूला पन सांगितलं नाय." भागी चुलीकडं तोंड करून बोलत होती. "माजी सासू आंदळी झाली, तेवा घरापासून परसापरेंत काथ्याची दोरी बांदली होती तिच्यासाटी. ती दोरी धरून जायची. आळीतली पोरं दोरी हलवायची आन ती धडपडली की हसायची. एकदा मी पन हसले. दोरी सगळ्यांना दिसते बघ. म्हनून जानूला म्हटलं, आसं काय तरी कर की मला कळंल आन कशासाटी हाय ते कुनाला दिसायचं नाय."

"मी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं?"

"तू इचारलंस कुटं? तू बघत होतीस."

हंसानं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडली. वाटणीच्या भीतीचं, मिस्त्र्याचं, सगळं सांगून टाकलं. भागीचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. मध्येच म्हातारीला हसू आलं. "जानूला घर देयाचं आसतं तर एवडं नाजूक काम कशाला केलं आसतं मी? चारचौघांत भांडून दिलं आसतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच जानू टाकी-हातोडी घेऊन आला. हंसानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"वैनी, कोबा पक्का झालाय. आता फोडला तर जोड दिसंल. कायमचा."

"दिसू दे."

पहिला घाव घालताना तिचे डोळे आपोआप मिटले, कारण त्या लाल जमिनीवर तिचा खरंच जीव होता. मग ती फोडत गेली. दामू आणि जानूनं माडाखालच्या पट्ट्या धुऊन आणल्या. एक दगड बसला की हंसा सासूला त्यावर उभं करी आणि विचारी, "हितं बरोबर?" भागी अंगठ्यानं कडा चाचपून सांगे, "जरा चुलीकडं." जुन्या-नव्या सिमेंटचा जोड वेडावाकडा आला. नवसीनं येऊन तो पाहिला आणि ओठ मुडपून गेली. या वेळी हंसानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही.

काम संपल्यावर भागी दाराशी बसून म्हणाली, "आता तू चाल. डोळं मिटून."

हंसानं डोळे मिटले. होडीच्या फळीवर हात ठेवला, तिला जुन्या तेलाचा वास आला. उंबरा ओलांडला. पायाखाली खरबरीत दगड लागला आणि तो तिला घेऊन निघाला. बाजूची भिंत हाताला लागली तिथं कोपरा गोल होता, कुठं टोचलं नाही. चुलीची धग जवळ आली तशी ती थांबली. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचा उजवा हात वर गेला आणि ज्या कोनाड्याला ती इतके दिवस मनात जानूच्या वाटणीचा कोनाडा म्हणत आली होती, त्यात बरोबर मिठाच्या भांड्यावर पडला.

"सापडलं?" दारातून सासूनं विचारलं.

"सापडलं," हंसा म्हणाली, आणि तिनं डोळे बराच वेळ उघडले नाहीत.